राठोडची रेघ आणि माझी बरणी

फुलसिंग राठोड लघवीला जाण्याच्या आधी हात धुवायचा. नंतर धुवायचा तो वेगळा. नंतर काय, चार चांगल्या घरची माणसं धुतातच. पण आधी? मी एकदा विचारलंच, "काहो राठोड, आधी कायले?" तर तो शांतपणे म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, दिवसभर मी लोकाईच्या थुंकीत हात घालून राह्यलो. ती थुंकी आपल्या अंगाले कुठं कुठं लावाची, याचा विचार माणसानं आधी कराव का नंतर?" त्या माणसापुढे मला कधीच वेळेवर उत्तर सुचलं नाही. सुचायचं ते घरी गेल्यावर, जेवताना, आणि मग ते बायकोला ऐकावं लागायचं.

सरळ सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळायचो. आता सत्तरी उलटली, आता लपवून कोणाला दाखवायचं आहे? रोज सकाळी उठून जळायचो, दुपारी थोडी विश्रांती घ्यायचो आणि संध्याकाळी पुन्हा जळायचो.

ही गोष्ट राज्य बदललं त्या काळातली. आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो, पण दवाखान्यातले छापील कागद जुन्याच सरकारचे होते. वरचं नाव खोडायचं आणि शिक्का मारायचा, हे काम माझ्याकडे होतं. पांढरकवड्याहून हैदराबादकडे जो हमरस्ता जातो, त्याच्या आसपास आमचं गाव. नाव सांगत नाही, तिथे अजून माझी सोयरीक आहे. दवाखान्यात एक डॉक्टरसाहेब, मी कंपाउंडर, एक नर्सबाई, एक ड्रेसर आणि एक शिपाई. डॉक्टरसाहेबांच्या खालोखाल माझा मान. साहेब दौऱ्यावर गेले की खेड्यापाड्यांतले लोक मलाच डाक्टर म्हणायचे आणि मी त्यांची चूक दुरुस्त करत नसे.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती. ती माझी. म्हणजे सरकारचीच, पण माझी. दुपारी रोगी पांगले की मी तिथे स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या भांड्यात चहा करायचो आणि औषध मोजायच्या ग्लासांत तो द्यायचो. ड्रेसरला दोन औंस, नर्सबाईंना तीन, मला चार. त्या चहाला एक वेगळीच चव होती. ती कशामुळे होती ते पुढे राठोडनं समजावून सांगितलं आणि मला दोन दिवस अन्न गेलं नाही.

एके दिवशी बस आली आणि बसच्या टपावरून एक माणूस उतरला. काटकुळा, उंच, पांढरा सदरा, छातीशी धरलेली लाकडी पेटी. आत बसायला जागा होती, पण आत पेटीला धक्के बसतील म्हणून हा पठ्ठ्या ऊन डोक्यावर घेऊन टपावर बसून आला होता. पेटीत सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. हिवतापाचं रक्त आणि क्षयाचा बेडका तपासायला सरकारनं माणूस धाडला होता. बोरी अरबकडच्या एका तांड्यावरचा हा बंजारा. आजा बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरलेला, बाप कोरडवाहू शेती करणारा, आणि हा त्या तांड्यातला पहिला मॅट्रिक. डॉक्टरसाहेबांनी त्याला दवाखाना दाखवला. मागच्या खोलीपाशी येऊन म्हणाले, "राठोड, ही तुमची लॅबोरेटरी." माझं चहाचं भांडं तेव्हा दिव्यावर होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी त्यानं खोलीच्या मधोमध चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे चहा, पान, बिडी, गप्पा, काय वाटेल ते. पलीकडे काही नाही. पलीकडे जायचं तर चपला काढायच्या, तिथल्या वेगळ्या घालायच्या, तोंडात काही ठेवायचं नाही. मी पान थुंकून आत जाऊ लागलो तर म्हणाला, "पान थुकलं, पण सुपारी आहे." माझ्या गालातली सुपारी त्याला बाहेरून दिसली! मी म्हटलं, "सुपारीनं काय होते?" तो म्हणाला, "सुपारीनं काही नाही होत. सुपारी काढाले तुमी जे बोट तोंडात घालसान, त्यानं होते."

"डोळ्याले दिसत नाही म्हणून नाही थोडंच?" हे त्याचं पालुपद. दिवसातून दहा वेळा. क्षयाचे रोगी आले की त्यांना तो खोलीत खोकू देत नसे. बाहेर निंबाखाली न्यायचा. आधी सदऱ्याच्या खिशातून कापसाचा एवढासा पुंजका काढून हवेत सोडायचा, तो कुठे उडतो ते पाहायचा, मग रोग्याला वाऱ्याकडे पाठ करायला लावायचा आणि स्वतः भलत्याच बाजूला जाऊन उभा राहायचा. "हं, खोका आता. जोरानं. लाजू नोका." आमच्या मुलखात कापूस पुष्कळ, पण त्याचा असला उपयोग कोणी केला नव्हता. लोक बाजाराच्या दिवशी हे पाहायला थांबायचे. पूर्वी ते माझं औषध घोटणं पाहायला थांबत.

आणि माझी लेबलं! औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं मी जिभेनं ओली करून चिकटवायचो. सगळे कंपाउंडर तसंच करत. माझा हात, म्हणजे माझी जीभ, त्यात फार चालायची. राठोडनं ते पाहिलं आणि रोग्यांच्या रांगेसमोर म्हणाला, "जीभ आत घ्या, कंपाउंडरसाहेब." रांगेतली एक म्हातारी इतकी हसली की तिचा खोकलाच थांबला. त्यानंतर मी लेबल हातात घेतलं की रांगेतलं कोणी ना कोणी म्हणायचंच, "जीभ आत घ्या." माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

मी त्याला सोडत नव्हतो बरं का. रोज दुपारी त्याच्या दारात जाऊन उभा राहायचो आणि काहीतरी उकरून काढायचो. तुमचा साबण लवकर संपतो. तुमच्या कार्बोलिकच्या वासानं माझ्या मिक्स्चरचा वास मरतो. तुमी येण्याच्या आधी या दवाखान्यात कोण मेलं? तो सूक्ष्मदर्शकावरून मान न काढता प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचा. अर्धा अर्धा तास आमची जुंपायची. जिंकायचा तोच.

एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. सिगारेट ओढत ओढत ते मागच्या खोलीकडे निघाले आणि माझ्या मनात लाडू फुटायला लागले. मी घाईघाईनं मागे गेलो. साहेब रेघेपाशी पोचले आणि राठोड आडवा झाला. "साहेब, माफी असावी. सिगारेट अलीकडेच." मी मनात म्हटलं, गेला! आता याची बदली झालीच समजा. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, सिगारेट विझवली, चपला बदलल्या, आत जाऊन यंत्रात डोळा घातला आणि बाहेर येताना त्याची पाठ थोपटली. डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "असा माणूस जपा." बारा वर्षांच्या नोकरीत माझी पाठ कोणी थोपटली नव्हती. माझा तो दिवस वाया गेला.

मग डॉक्टरसाहेबांच्या तोंडात एकच वाक्य बसलं. "राठोडला विचारा." स्टोव्ह बिघडला, राठोडला विचारा. पावसाचं पाणी कुठून गळतं, राठोडला विचारा. घरी गेलो तर बायको म्हणायची, "अहो, त्या राठोडभाऊजींची नखं पाहिलीत? काय स्वच्छ!" मी माझी नखं पाहिली आणि जेवणावरून उठलो.

पण खरी कमाल होती ती त्याच्या बाटल्यांची. एखाद्याचं मरण संशयाचं असलं की पोलीस प्रेत आणायचे. डॉक्टरसाहेब ते फाडायचे, पोटातलं एका बाटलीत, काळजाचा, म्हणजे यकृताचा, तुकडा दुसऱ्या बाटलीत, वरून मिठाचं दाट पाणी, मग बूच, कापड, दोरा, लाख, मोहर, आणि शिपाई ते घेऊन तपासणीसाठी नागपूरला जायचा. विष होतं की नाही, ते तिकडून कळायचं. हे सगळं बांधाबांधीचं काम राठोडकडे आलं. आता एवढ्याशा कामाचं यानं काय करावं? प्रत्येक बाटली सात पाण्यांनी धुवायची, उन्हात पालथी घालायची, बुडाला नंबर रंगवायचा, वहीत लिहायचा आणि कपाटात कुलूपबंद करायची. आणि वर कळस म्हणजे, दोन भरलेल्या बाटल्यांसोबत तिसरी एक बाटली पाठवायची. तिच्यात नुसतं मिठाचं पाणी. मी पोट धरून हसलो. म्हटलं, "राठोड, नागपूरले काय पाण्याचा दुष्काळ पडला?"

तो हसला नाही. म्हणाला, "मिठातच काही असलं, बाटलीतच काही असलं, त या कोऱ्या बाटलीत बी दिसन. मग समजन का विष मेलेल्याच्या पोटात नोयतं, आपल्या भांड्यात होतं. साहेब, या बाटलीवर कोनी फाशी जाते."

यवतमाळच्या कोर्टात त्याला साक्षीला बोलावत. मलाही दोनदा बोलावलं होतं, मी उभ्यानं साक्ष दिली. त्याला म्हणे खुर्ची दिली. आरोपीच्या वकिलानं तासभर उलटसुलट विचारलं आणि शेवटी वकीलच घामाघूम झाला. हे डॉक्टरसाहेब सांगत होते आणि मी खलात काहीतरी घोटत होतो. काय घोटत होतो देव जाणे, नंतर ते फेकून द्यावं लागलं.

असं तिसरं वर्ष चाललं होतं. आणि एका उन्हाळ्यात राठोड आठ दिवसांसाठी तांड्यांवर हिवतापाचं रक्त गोळा करायला गेला. जाताना कपाटाची किल्ली खिशात घालून गेला.

तो गेला आणि तिसऱ्या दिवशी मुकुटबनकडच्या एका खेड्यातून बैलगाडीत प्रेत आलं. गणपत नावाचा तिशीतला शेतकरी. वांत्या आणि हगवण लागून एका दिवसात संपला. डॉक्टरसाहेबांना तो कॉलरा वाटला. पण गणपतचा मोठा भाऊ गाडीसोबत आला होता, तो ओरडत होता की भावजयीनं विष घातलं. दोघा नवरा-बायकोचं पटत नव्हतं, हे गावाला माहीत होतं. सोबत फौजदार होते. डॉक्टरसाहेबांनी फाडणी केली आणि बाटल्या मागितल्या. कपाटाला कुलूप. साहेब कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "राठोड असता तर!"

ते तीन शब्द माझ्या काळजात गेले. मी म्हटलं, "मी आहे ना, साहेब."

मी गेलो. औषधाच्या कपाटात एक नवी कोरी बाटली होती, ती घेतली. दुसरी पाहिजे होती रुंद तोंडाची. कपाटाच्या वर एक मस्त काचेची बरणी मी बाजूला काढून ठेवली होती. आम्हा कंपाउंडर लोकांचा तो एक हक्कच होता म्हणा ना. औषधाच्या रिकाम्या बरण्या घरी न्यायच्या, बायको त्यांत लोणचं घालायची. माझ्या घरची सगळी फळी सरकारी बरण्यांनी भरलेली होती. ही बरणी लिंबाच्या लोणच्यासाठी हेरलेली. घेतली खाली, दोन पाण्यांनी विसळली, धोतराच्या सोग्यानं पुसली. चकाचक! पोटातलं त्या बरणीत, काळीज नव्या बाटलीत. मिठाचं पाणी भरलं, लाख लावली, मोहर उठवली. कोरी बाटली पाठवली नाही. तिसरी बाटली नव्हती, आणि असती तरी पाठवली नसती. लेबलं काढली आणि मनसोक्त जिभेनं ओली करून चिकटवली. शिपायानं मला सलाम ठोकला. सगळं मिळून अर्धा तास लागला, राठोडला दीड लागायचा.

राठोड आल्यावर मी मुद्दाम त्याच्या दारात गेलो आणि सांगितलं, "एक केस झाली. तुमच्यावाचून झाली." त्यानं विचारलं, "कोरी धाडली?" मी म्हटलं, "धाडली." अशी थाप मारताना जे सुख होतं ते मी आजही नाकारत नाही.

दीड महिन्यानं अहवाल आला. त्याच दिवशी फौजदार गणपतच्या बायकोला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन आले. संध्याकाळच्या बसनं तिला यवतमाळच्या तुरुंगात न्यायचं होतं. त्याआधी डॉक्टरचा कागद लागतो. बाईचं नाव अनसूया. लुगड्याला जागोजागी गाठी, कडेवर आठ-नऊ महिन्यांची पोरगी. पोरगी खोकत होती. मी तिला औषधाचं बोट चाटवलं. अनसूया माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, मीनं त्याले भाकर अन् चटनी देल्ली. दुसरं काहीच नाही देल्लं. या पोरीची आन आहे." मी मान हलवली. मनात म्हटलं, सगळे असंच म्हणतात.

डॉक्टरसाहेबांच्या टेबलापाशी राठोड उभ्यानं अहवाल वाचत होता. त्यानं तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "साहेब, पहिल्या बाटलीत सोमल आहे. थोडा आहे, पण आहे. दुसऱ्या बाटलीत काहीच नाही."

"हो. पोटात सापडला," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"पण काळजात नाही. सोमल पोटातून काळजात गेल्याबिगर माणूस कसा मरन? दिवसभर वांत्या करून मेला तो, लगेच नाही मेला. आन अहवालात दोनच बाटल्या लेहल्या आहेत. तिसरी काहून नाही?"

त्यानं हळूच वळून माझ्याकडे पाहिलं. मी तोवर दाराकडे निघालो होतो.

सोमल! आर्सेनिक! हा शब्द कानात पडला आणि मला ती बरणी आठवली. त्या बरणीत सोमलाची पूड होती. त्यातून आम्ही अशक्तपणाला थेंब थेंब द्यायचं पातळ औषध करत असू. वर्षापूर्वी पूड संपली, लेबल पडलं, आणि मी बरणी लोणच्यासाठी वर ठेवली. मी पार विसरलो होतो. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं ते याहून वेगळं काय असतं?

राठोड माझ्या मागे औषधाच्या खोलीत आला. दार लोटलं. "बाटली कोनती होती, साहेब?"

"तुमच्याच कपाटातली," मी म्हणालो.

"कपाटाची किल्ली माह्या खिशात होती."

मी खल पुसायला घेतला. मला वाटलं, आता हा जाईल आणि साहेबांना सांगेल, जन्माचं उट्टं काढेल. मी त्याच्या जागी असतो तर पळत गेलो असतो. पण तो म्हणाला, "मी सांगितलं त ती चुगली होते. तुमी सांगितलं त पुरावा होते. बस साडेपाचची आहे." आणि आपल्या खोलीत गेला.

मी घरी गेलो. आधी काय केलं असेल? फळीवरच्या सगळ्या बरण्या अंगणात नेल्या आणि एकेक करून फोडल्या. आंब्याचं, लिंबाचं, करवंदाचं, सगळं लोणचं मातीत. बायको धावत आली. "याड लागलं का तुम्हाला?" मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती फुटलेल्या काचांकडे पाहत राहिली. वर्षानुवर्षं आमची पोरं त्याच बरण्यांतलं खात होती. मग तिनं एवढंच विचारलं, "त्या बाईचं लेकरू केवढं आहे?"

"आठ-नऊ महिन्यांचं."

ती आत गेली आणि माझा कोट घेऊन आली.

तरी मी लगेच निघालो नाही. नोकरीची भीती होतीच, कोणाला नसते? पण खरं सांगतो, माझे पाय अडकले ते दुसऱ्याच कारणानं. मी तोंड उघडलं की राठोड खरा ठरणार होता. त्याची रेघ खरी, सात पाणी खरं, कोरी बाटली खरी, जीभ आत घ्या तेही खरं. तीन वर्षं दारात उभं राहून मी जे जे बोललो ते सगळं खोटं. एका बाईची मान एका पारड्यात आणि माझा जळफळाट दुसऱ्यात, आणि लाज वाटते सांगायला, पारडं काही वेळ हलत होतं. चुलीपाशी बसलो होतो, बायको समोर कोट धरून उभी होती. शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही जाता का मी जाऊ?"

मी गेलो. डॉक्टरसाहेब, फौजदार, अनसूया, सगळे तिथेच होते. मी एका दमात सांगितलं. बरणी, सोमल, दोन पाणी, कोरी बाटली नाही पाठवली ते, राठोडला थाप मारली ती. फौजदारांनी दोनदा पेन खाली ठेवलं. डॉक्टरसाहेब लाल झाले, मग पांढरे झाले. अनसूयेला काही समजलं नसावं, ती नुसती एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "बाई, विष माह्या बरणीत होतं. तुमच्या भाकरीत नोयतं." तेव्हा ती मटकन खाली बसली आणि पोरीला छातीशी धरून रडली. मीही रडलो. राठोड तिथे नव्हता. तो आपल्या खोलीत रक्ताच्या काचा पुसत होता.

त्या संध्याकाळी बसनं कोणी यवतमाळला गेलं नाही. पुढे नागपूरला लिहिलं. बरणी तिकडेच होती, तिच्या बुचाखालची खरवड त्यांनी वेगळी तपासली, तर तिच्यातच सोमल निघाला. पोलीसपाटलानंही मग तोंड उघडलं की त्याच आठवड्यात त्या खेड्यात आणखी दोघांना तशाच वांत्या लागल्या होत्या आणि सगळे एकाच विहिरीचं पाणी पीत होते. अनसूया सुटली.

माझी चौकशी झाली. बदली अगदी ठरल्यातच जमा होती. पण राठोडनं आपल्या जबाबात आपण होऊन लिहिलं, "कपाटाची किल्ली सोबत नेली, ही चूक माझी. किल्ली दवाखान्यात असती तर हे घडलं नसतं." वरच्यांनी दोघांनाही ताकीद दिली आणि प्रकरण मिटलं. आणि गावात काय चर्चा? राठोड किती मोठ्या मनाचा! स्वतःवर घेतलं! अरे, खरं मी बोललो, नोकरी पणाला मी लावली, आणि शाबासकी त्याला! माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला.

एका रविवारी सकाळी मी तसाच तणतणत त्याच्या खोलीवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दवाखान्यामागे आमराईच्या कडेला त्याची एक खोली होती. दार उघडंच होतं. मला पाहून तो असा गोंधळला की विचारू नका. खाटेवरची घडी उचलून पुन्हा तिथेच ठेवली, मडक्यातलं पाणी तांब्यात काढलं आणि देण्याचं विसरून हातातच धरून उभा राहिला. मी खाटेवर बसलो. दुसरं बसायला काही नव्हतं. "कोनी येत नाही ना," तो म्हणाला, "म्हनून."

मी थेट विचारलं, "राठोड, त्या दिवशी तुमी लगेच काहून नाही सांगितलं साहेबाले? आणि ते किल्लीचं कायले लेहलं? माही बदली झाली असती, तुमची कटकट गेली असती."

तो म्हणाला, "बाईले त बसमधी चढू देल्लं नसतं मीनं. पाच वाजेपर्यंत तुमी नसते आले, त गेलोच असतो साहेबाकडे. पण तुमची बदली नोयती पाह्यजे मले."

"काहून?"

"आता काय सांगू. पेशंट येते, थुकते आन जाते. साहेब हुकूम देते. नर्सबाई नाकाले पदर लावून कागद ठेवते. न्हावी मले सगळ्याईच्या शेवटी घेते. तांड्यावर गेलो त याडी, माही माय, जेवू घालते, पण भाऊ आपल्या पोराईले घरात घेऊन जाते, का हा मुडदे फाडणारा. तुमी एकटे रोज येता, दारात उभे राहता, अर्धा अर्धा घंटा भांडता. माह्याशी दिवसभरात तेवढंच कोनी बोलते. तुमच्या जागी दुसरा कंपाउंडर आला असता, तो भांडला असता काय?"

तीन वर्षं मी समजत होतो की मी या माणसाला छळतो आहे. त्या समाधानात मी रोज घरी जाऊन जेवत होतो.

तो तांब्या धरून तसाच उभा. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात खिडकीखाली त्याचा स्टोव्ह होता.

"हा स्टोव्ह इथं कोन ठेवते?" मी आवाज चढवून म्हटलं. "वाऱ्याच्या तोंडावर?"

त्यानं मान वर केली. "वाऱ्याच्या तोंडावर नाही. वारा तिकडून येते. आडोशाले आहे."

"आडोसा याले म्हनतात?"

"मग कायले म्हनतात?" तो म्हणाला, आणि तांब्या खाली ठेवून माझ्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला.

जेवणाची वेळ झाली, घरून दोनदा बोलावणं आलं. मी उठलो नाही.